प्लेगशी झुंजणारा शास्त्रज्ञ

मृगाचा पहिला पाऊस पडला, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानातून एक मधुर गंध दरवळू लागतो. वैशाखाच्या उन्हाने भेगाळलेली जमीन पाणी पिऊ लागते, आणि सरकीच्या पेरणीची वाट पाहणारा शेतकरी बांधावर क्षणभर थांबून तो गंध छातीत भरून घेतो. हा गंध मातीचा, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो मातीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जंतूंनी निर्माण केलेल्या एका द्रव्याचा असतो. मूठभर मातीत असे कोट्यवधी जंतू नांदत असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जगात अन्नासाठी आणि जागेसाठी अहोरात्र झगडा चाललेला असतो. त्यांपैकी कित्येक जंतू आपल्या शेजाऱ्यांना मारण्यासाठी विष तयार करतात. परंतु ते विष सदासर्वकाळ तयार होत नाही. विशिष्ट परिस्थिती प्राप्त झाली, म्हणजेच जंतू ते काम आरंभितो.

जंतू कोणत्या परिस्थितीत काय निर्माण करतो, हे ओळखावे आणि त्याची ती शक्ती मानवाच्या रक्षणासाठी राबवावी, हे आधुनिक वैद्यकशास्त्राचे एक मोठे सूत्र आहे. या सूत्राचा एक विलक्षण प्रयोग मुंबईत, एका लहानशा खोलीत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला. तो करणारा पुरुष जन्माने परदेशी होता. तथापि त्याच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे भारताच्या सेवेत खर्ची पडली. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर ओडेसा नावाचे बंदर आहे. त्या काळी ते रशियन साम्राज्यात मोडत असे. तेथे १५ मार्च १८६० रोजी एका ज्यू कुटुंबात हाफकिन यांचा जन्म झाला. पुढे ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांस मेचनिकॉव्ह यांच्यासारखा थोर गुरू लाभला. शरीरात शिरलेल्या जंतूंना रक्तातील पांढऱ्या पेशी गिळून टाकतात, हा शोध लावून ज्यांनी पुढे जगभर कीर्ती मिळविली, तेच हे मेचनिकॉव्ह.

हाफकिन यांचे विद्यार्थिजीवन सुखाचे नव्हते. रशियात त्या वेळी ज्यू लोकांचा फार छळ होत असे. १८८१ साली ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकॉव्ह यांनी खटपट केली म्हणून त्यांची सुटका झाली. शिक्षण संपल्यावर त्यांच्या योग्यतेच्या मनुष्यास अध्यापकाची जागा सहज मिळावयास हवी होती. परंतु त्यासाठी त्यांनी आपला धर्म सोडावा, अशी अट पुढे आली. हाफकिन यांनी ती मानली नाही. पोटासाठी श्रद्धा विकावयाची नाही, असा त्यांचा बाणा होता. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काम करून १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला.

जिनिव्हात काही काळ घालवून ते १८८९ साली पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत आले. मेचनिकॉव्ह तेथे आधीच पोहोचले होते. संस्थेत शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयात साहाय्यकाची तेवढी होती. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. पुस्तकांची देखभाल करून जो वेळ उरे तो ते प्रयोगशाळेत घालवीत आणि मन शिणले म्हणजे व्हायोलिन वाजवीत. लौकरच त्यांचे गुण वरिष्ठांच्या नजरेत भरले आणि त्यांना संशोधनाचे काम मिळाले.

त्या वेळी पटकीच्या साथी पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरत होत्या. हाफकिन यांनी पटकीवर लस तयार करण्याचे ठरविले. जंतू एका प्राण्याच्या शरीरातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या शरीरातून तिसऱ्याच्या, असे पुढे नेत गेल्यास त्यांचा जोर वाढतो, आणि त्यांस उष्णता व हवा यांच्या साहाय्याने वाढविल्यास तो घटतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. प्रथम दुबळ्या जंतूंची आणि काही दिवसांनी जोरकस जंतूंची लस टोचावी, म्हणजे शरीर हळूहळू सज्ज होते, अशी त्यांची पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी झाली. परंतु माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यांना ताप आला, दुखणे झाले. पण थोड्याच दिवसांत ते बरे झाले. दुसऱ्याच्या देहावर प्रयोग करण्यापूर्वी तो आपल्या देहावर करावयाचा, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

पटकीचे मूळ घर भारतात होते. १८९३ साली हाफकिन कलकत्त्यास आले. अनोळखी देश, अनोळखी भाषा आणि सुईचे भय बाळगणारे लोक! पुष्कळांना ही लस म्हणजे काही कपट वाटे. हाफकिन यांनी सक्तीचा मार्ग मुळीच धरला नाही. भारतीय डॉक्टरांना बरोबर घेऊन ते झोपडपट्ट्यांतून हिंडत, लोकांची समजूत घालीत आणि त्यांच्यादेखत स्वतः टोचून घेत. कलकत्त्याच्या एका वस्तीत साथ सुरू झाली असता सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर त्या वस्तीत ज्यांना पटकी झाली, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. असे अनुभव येऊ लागले, तसा लोकांचा विश्वास वाढू लागला. अडीच वर्षांच्या आत त्यांनी ४२,००० हून अधिक लोकांना लस टोचली. मात्र या भ्रमंतीत त्यांना हिवतापाने गाठले आणि काही काळ इंग्लंडला परतावे लागले.

ते पुन्हा भारतात येतात न येतात तोच मुंबईवर मोठे अरिष्ट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात लोकांना एकाएकी भडकून ताप येऊ लागला. जांघेत, काखेत गाठी उठू लागल्या आणि रोगी दोनचार दिवसांत दगावू लागले. डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा रोग प्लेग आहे हे ओळखले. घराघरांतून उंदीर मरून पडत, आणि त्यांच्या अंगावरील पिसवा माणसांना चावून रोग पसरवीत. परंतु पिसवांचा हा संबंध तेव्हा कोणास ठाऊक नव्हता. भीतीने लोक शहर सोडून पळू लागले. काही महिन्यांत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती उठली. त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव गेला. पुण्यात १८९७ साली रोग्यांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्यांनी देह ठेवला. तेथेच प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली सोजिरांनी घराघरांत शिरून जो जुलूम केला, त्याने लोक चिडले आणि जून महिन्यात चाफेकर बंधूंनी रँड या अधिकाऱ्यास गोळी घातली. पुढील वर्षांत प्लेग वऱ्हाडातही पोहोचला. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने या आठवणी पुढे कितीतरी वर्षे सांगितल्या.

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली व एक व्हरांडा मिळाला, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या तुटपुंज्या साधनांनी त्यांनी काम आरंभिले. कामाचा ताण आणि संसर्गाचे भय यांमुळे हाताखालची माणसेही टिकेनात. तरी हाफकिन मागे हटले नाहीत.

प्लेगच्या जंतूचा शोध दोन वर्षांपूर्वीच, १८९४ साली, हाँगकाँग येथे लागला होता. आता प्रश्न असा होता की, हा जंतू पुष्कळ प्रमाणात वाढवावयाचा कसा आणि त्याच्याकडून लसीला उपयोगी पडणारी द्रव्ये काढून घ्यावयाची कशी? हाफकिन यांचे म्हणणे असे की, केवळ जंतूंची मृत शरीरे पुरेशी नाहीत. वाढत असता ते भोवतालच्या द्रवात जी विषे सोडतात, तीही लसीत असली पाहिजेत. जंतूच्या शरीराने रोगाचा प्रतिकार होईल आणि विषाच्या परिचयाने रोगाचा जोर ओसरेल, असा त्यांचा तर्क होता.

यासाठी त्यांनी मांसाचा पातळ रस काचपात्रांत भरला. येथील लोकांच्या धर्मभावना दुखवू नयेत म्हणून गाईचे व डुकराचे मांस त्यांनी कटाक्षाने टाळले आणि बकऱ्याचे मांस वापरले. परंतु नुसत्या रसात जंतू नीट वाढेनात. तेव्हा हाफकिन यांनी त्या रसावर तुपाचे अथवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत सोडले. काय आश्चर्य! त्या थेंबांना आधार करून जंतूंची वाढ खाली लोंबू लागली. गुहेच्या छतापासून चुन्याचे सुळके लोंबतात, तशीच ती दिसे. दर दोनतीन दिवसांनी पात्र हलविले की ते सुळके गळून तळाशी जात आणि थेंबांखाली नवी वाढ सुरू होई. असे पाचसहा आठवडे चाले. तोपर्यंत तो रस जंतूंनी व त्यांच्या विषांनी दाट होई. मग तो सुमारे ६५ ते ७० अंश उष्णतेवर तासभर ठेवून जंतू मारीत आणि नासू नये म्हणून त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालीत. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाच्या थेंबाने एवढ्या मोठ्या शत्रूला कामास लावले!

तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तिची मोठी मात्रा स्वतःस टोचवून घेतली. ताप चढला, टोचल्या जागी वेदना झाल्या. पण ते दुखणे त्यांनी मुकाट्याने सोसले आणि काम चालूच ठेवले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी जे स्वेच्छेने पुढे आले, त्यांना लस टोचली गेली. सुमारे निम्मे तसेच राहिले. सर्वांचे अन्न एक, काम एक, राहणे एक. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना तो झाला, पण कोणीही दगावला नाही. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तूही दिली. ते पाहून हजारो लोक पुढे आले. लसीची मागणी इतकी वाढली की, १८९९ साली परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात मोठी प्रयोगशाळा उघडण्यात आली.

कीर्तीच्या या शिखरावर असतानाच हाफकिन यांच्यावर दैवाचा घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना ती दिली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि एकूण एक दगावले. एकोणीस घरांचे दिवे मालवले. देशभर हाहाकार उडाला. चौकशी समिती नेमली गेली. प्रयोगशाळेतच बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असा समितीने निष्कर्ष काढला. हाफकिन यांनी लस करण्याच्या नव्या पद्धतीत कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता, त्याकडेही बोट दाखविण्यात आले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्याने स्वतःच्या देहावर दोनदा प्रयोग केला, त्याच्यावर हलगर्जीपणाचा ठपका आला.

हाफकिन यांनी कोणाची निंदा केली नाही. पण सत्यासाठी लढणे मात्र सोडले नाही. पुराव्याचा एकेक धागा त्यांनी तपासला. मुलकोवाल येथे बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट न उकळता तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात. शिवाय ते जंतू जर कित्येक दिवस आधीपासून बाटलीत असते, तर ते वाढून लसीला दुर्गंधी आली असती. परंतु बाटली उघडली तेव्हा तशी दुर्गंधी आली नव्हती. याचा अर्थ उघड होता. दोष परळच्या प्रयोगशाळेचा नसून त्या दिवशी त्या ठिकाणी घडलेल्या अपघाताचा होता. हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात पत्र लिहून न्यायाची मागणी केली. अखेर त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. परंतु तोपर्यंत पाच वर्षे वाया गेली होती. ते कलकत्त्यास पुन्हा रुजू झाले; पण लसीच्या नव्या प्रयोगांची पूर्वीसारखी मोकळीक त्यांना मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले.

उर्वरित आयुष्य त्यांनी साधेपणाने व धर्मचिंतनात घालविले. लग्न त्यांनी केलेच नव्हते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ज्या शहराने त्यांना यश आणि दुःख दोन्ही दिले, त्या शहराने अखेर त्यांची आठवण राखली, हे ऐकून त्या वृद्ध शास्त्रज्ञाला मोठे समाधान वाटले. आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हाफकिन यांच्यानंतर जंतूंचे ज्ञान फार पुढे गेले. ज्या प्लेगच्या जंतूला त्यांनी तुपाच्या थेंबाखाली वाढविले, तोच जंतू इतर जंतूंना मारणारे एक विष तयार करू शकतो, असे पुढे आढळून आले. या विषाला पेस्टिसीन म्हणतात. ते आपल्या जवळच्या जातभाई जंतूंमध्ये शिरून त्यांची पेशीभित्ती विरघळविते. एरवी जंतू ते फार थोडे करतो. त्याच्या पेशीत एक पहारेकरी द्रव्य असते. ते विषाची कृती लिहिलेल्या भागावर बसून तो भाग बंद ठेवते. परंतु अतिनील किरणांसारख्या आघाताने पेशीच्या आनुवंशिक द्रव्याला इजा झाली, म्हणजे धोक्याची सूचना मिळते, पहारेकरी नष्ट होतो आणि विषाचे उत्पादन सुरू होते.

मातीतील जंतूंची तऱ्हा निराळी. पहिल्या पावसाला गंध देणाऱ्या जंतूंच्या कुळातील एका जंतूपासून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीन हे औषध मिळाले. अन्न विपुल असते तोवर हा जंतू नुसता वाढत राहतो. वाढता वाढता तो एक सूक्ष्म संदेशद्रव्य भोवती सोडतो. जंतूंची दाटी झाली म्हणजे ते द्रव्य साठते, पेशीतील पहारेकऱ्याला बाजूस सारते, आणि मग विषाची निर्मिती सुरू होते. जणू सारी वस्ती एकमेकांशी सल्लामसलत करून शस्त्र उचलते! स्वतःच्या विषाने आपण मरू नये, याचीही तजवीज जंतू आधीच करून ठेवतो. आणि योगायोग असा की, ज्या प्लेगपुढे जग हतबल झाले होते, त्या प्लेगच्या रोग्याला हेच औषध जीवदान देऊ लागले. पुढे आपल्या महाराष्ट्रात पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यातही ते तयार झाले.

परळच्या हाफकिन संस्थेने प्लेगच्या लसीवरच काम थांबविले नाही. सर्पदंशावरील औषधही तेथे तयार झाले. यवतमाळच्या कपाशीच्या रानात निंदण करताना किंवा वेचणी करताना ज्याला साप डसतो, त्याच्यासाठी असे औषध वेळेवर मिळणे म्हणजे पुनर्जन्मच होय. सापाचे विष घोड्याच्या शरीरात थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातून हा उतारा मिळवितात. विषाची ओळख करून देऊन शरीराला सज्ज करावयाचे, हे सूत्र येथेही तेच आहे.

जंतूचा नुसता द्वेष करून त्याला जिंकता येत नाही. त्याचा स्वभाव धीराने समजून घ्यावा लागतो. हाफकिन यांनी तेच केले. लोकांच्या भीतीलाही त्यांनी दंडुक्याने उत्तर दिले नाही. आपला बाहू पुढे करून दिले. मृगाचा पाऊस पडेल आणि काळ्या रानाचा गंध पुन्हा दरवळेल, तेव्हा त्या मातीतील अदृश्य जीवांची आठवण करावी. आणि त्यांच्याच जातीच्या एका भयंकर शत्रूला मानवाच्या सेवेस लावण्यासाठी ज्याने आपला देह पणाला लावला, त्या हाफकिन यांचीही.